ब्रँडच्या नावाचा सल्ला घेताय? आधी समोरच्याची पदवी विचारा!



समजा, गव्हाणमध्ये तुम्ही घरच्या घरी आगरी मसाला बनवताय. शेजारी उलव्यात सोसायट्या भरल्यात, गिऱ्हाईक दाराशी आलंय. पाकिटं छापायची ठरलं की कुणीतरी म्हणतंच, "ट्रेडमार्क करून टाक, माझ्या ओळखीतला माणूस आहे." तो माणूस नेमका कोण? हे विचारायला लाजू नका. पाच हजार पाकिटं छापल्यावर नाव नाकारलं गेलं, तर नुकसान तुमचंच आहे.

कोणाची पात्रता काय?

- ट्रेडमार्क एजंट : कुठल्याही शाखेचा पदवीधर, एजंटची परीक्षा पास.
- वकील : एलएलबी आणि बार कौन्सिलची सनद.
- पेटंट एजंट : विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा. नुसती एलएलबी इथे चालत नाही.
- बौद्धिक संपदा कायद्याचे प्राध्यापक : एलएलबी, मग एलएलएमला किमान 55 टक्के, आणि नेट किंवा पीएचडी. आरक्षित प्रवर्गांना 5 टक्के सवलत.

घरातलं कुणी लॉ करत असेल, तर हे करिअर लक्षात ठेवा. मुंबईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात एलएलएमचा प्रवेश 'क्लॅट पीजी' परीक्षेतून होतो. परीक्षेसाठी एलएलबीला 50 टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 45.

जाणकार माणूस आधी काय विचारेल?

"नाव काय ठेवलंय?" नुसतं 'आगरी मसाला' म्हणालात, तर तो थांबवेल. कारण ते मालाचं वर्णन झालं, आणि अशा नावावर एकट्याला हक्क मिळणं अवघड असतं. स्वतःचं वेगळं नाव शोधा.

आपल्याच जिल्ह्यातला अलिबागचा पांढरा कांदा बघा. त्याला मिळालंय ते भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. ते त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. पुण्याचे प्रा. गणेश हिंगमिरे यांनी राज्यातल्या अनेक शेतमालांच्या जीआयसाठी काम केलंय. कुठे ट्रेडमार्क आणि कुठे जीआय, हा फरक असा अभ्यासू माणूसच नीट सांगतो.

खर्चाचं गणित

वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये. मसाला वर्ग 30 मध्ये, सुकी मासळी वर्ग 29 मध्ये. दोन्ही विकणार असाल तर 9,000. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज तुम्ही स्वतःही करू शकता आणि आधीच्या नावांचा ऑनलाइन शोध फुकट आहे. म्हणून सरकारी फी आणि सल्ल्याची फी पावतीवर वेगवेगळी मागा.

आणि हो, नोंदणी होईपर्यंत पाकिटावर 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' आधीच छापणं गुन्हा आहे.

आजचा गृहपाठ : तुमच्या मालासाठी तीन नावं लिहा, शोधून बघा. जे मोकळं निघेल, ते घेऊनच सल्लागाराकडे जा!