विश्लेषण : शाळेतून थेट ‘मेजर लीग’मध्ये... डेव्हिड क्लाइडची कारकीर्द अकाली का संपली?

अमेरिकेत एखाद्या कोवळ्या बेसबॉलपटूला घाईने मोठ्या सामन्यात उतरवण्याची चर्चा निघाली, की डेव्हिड क्लाइडचे नाव हमखास घेतले जाते. १९७३ मध्ये शाळेचा शेवटचा सामना खेळून तीन आठवडे होतात न होतात तोच तो ‘मेजर लीग’मध्ये खेळला. मात्र, वयाच्या २६व्या वर्षी त्याची कारकीर्द संपलीही होती. असे का घडले?

क्लाइड कोण?

ह्यूस्टनमधील वेस्टचेस्टर शाळेचा हा डावखुरा पिचर. पिचर म्हणजे साधारणपणे क्रिकेटमधील गोलंदाज. पण येथे षटकागणिक गोलंदाज बदलत नाही. एकच पिचर सलग अनेक डाव चेंडू फेकत राहतो, त्यामुळे खांद्यावर आणि कोपरावर मोठा ताण येतो. १९७३च्या खेळाडू निवडीत टेक्सास रेंजर्सने क्लाइडला सर्वांत आधी निवडले आणि करारापोटी सव्वा लाख डॉलर दिले.

इतकी घाई कशासाठी?

नवोदित खेळाडू आधी ‘मायनर लीग’मध्ये काही वर्षे तयार होतात. रेंजर्सचा संघ मात्र अडचणीत होता. १९७२ मध्ये वॉशिंग्टनहून टेक्सासला आलेला हा संघ त्याच वर्षी १०० सामने हरला होता आणि प्रेक्षक मैदानाकडे फिरकत नव्हते. क्लाइडला दोन सामने खेळवून मायनर लीगमध्ये पाठवायचे, असे ठरले होते.

पहिल्या सामन्यात काय झाले?

२७ जून १९७३ रोजी आर्लिंग्टनचे मैदान ३५,६९८ प्रेक्षकांनी भरून गेले. १८ वर्षांच्या क्लाइडने पाच डावांत मिनेसोटाचे आठ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ केले आणि रेंजर्सने सामना ४-३ असा जिंकला. तिकीट खिडकीवरची गर्दी पाहून मालक बॉब शॉर्ट यांनी त्याला संघातच ठेवले. दोन सामन्यांचा बेत बारगळला.

पुढे काय?

त्या हंगामात क्लाइडच्या नावावर चार विजय आणि आठ पराभव लागले. १९७६ मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. १९७८ आणि १९७९ मध्ये तो क्लीव्हलँडकडून खेळला. पण सूर गवसला नाही. एकूण हिशेब १८ विजय आणि ३३ पराभवांचा राहिला.

पेन्शन का हुकले?

त्या काळी पेन्शनसाठी मेजर लीगमध्ये चार वर्षांची सेवा आवश्यक होती. क्लाइडला ३७ दिवस कमी पडले. १९८० मध्ये ही अट अवघ्या ४३ दिवसांवर आली. पण आधीच बाहेर पडलेल्यांना ती लागू झाली नाही. २०११ मध्ये अशा जुन्या खेळाडूंसाठी वर्षाला कमाल १० हजार डॉलरची मदत सुरू झाली. मात्र, खेळाडूच्या निधनानंतर पत्नीला ती मिळत नाही.

दोष कोवळ्या वयाचा?

तसे म्हणता येत नाही. बॉब फेलर १९३६ मध्ये १७व्या वर्षी मेजर लीगमध्ये आला आणि महान पिचर ठरला. क्लाइडचा खांदा केवळ घाईमुळे दुखावला, असेही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मात्र, तो कुठे खेळणार याचा निर्णय त्याच्या तयारीवर नव्हे, तिकीटविक्रीवर झाला. त्या गर्दीचे पैसे मालकाला लगेच मिळाले. किंमत मात्र क्लाइडला पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.