बैठक, रिंगण आणि कठडा

२०२५ सालच्या जानेवारीच्या २५ तारखेस अहमदाबादेत, मोटेऱ्याच्या नरेंद्र मोदी क्रीडांगणावर, कोल्डप्ले नामक इंग्रज वाद्यवृंदाचा जो जलसा झाला आणि ज्यास लाखाहून अधिक श्रोतृसमुदाय लोटला होता, त्या समुदायात बडोद्याहून आगगाडीने गेलेली आमच्या घरची तीन माणसे होती: रॉक संगीताच्या नादापायी अभ्यासाकडे काणाडोळा करणारा माझा भाचा, त्याच्याहून चार वर्षांनी वडील असलेली त्याची बहीण, आणि सोबत म्हणून धाडलेला, पण पहारेकरी की पाहुणा याचा निकाल अखेरपर्यंत न लागलेला, मी. भाच्याचे तिकीट मैदानात उभे राहण्याचे, आम्हा दोघांची वरच्या सज्जातील खुर्च्यांची. रात्री परतीच्या गाडीत तिघांनी आपापली हकीकत सांगितली, तेव्हा समोरच्या बाकावरील एका सद्गृहस्थांनी, ‘तुम्ही एकाच कार्यक्रमाहून येत आहात ना?’ अशी भाबडी पृच्छा केली. ती पृच्छा मला पुढे बरेच दिवस पुरली.

भाचा दुपारपासूनच रांगेत होता. रंगमंचापुढे जो लोखंडी कठडा असतो त्याला छाती टेकून उभे राहणे ही या पंथातील काशीयात्रा होय, आणि तिच्यासाठी ऊन, उपास व पाणी बेताने पिण्याचे व्रत (कारण जागा सोडली की गेली) ही मंडळी अशा श्रद्धेने पाळतात की एकादशीला फराळाच्या पदार्थांवर ताव मारणाऱ्या आमच्या पिढीने खाली पाहावे. त्याने पाहिले ते फार बारकाईने पाहिले. विल चँपियनच्या हातातील काठी ड्रमवर पडण्यापूर्वी मनगट कसे वळते, पडद्याआडून सूर लावलेली गिटार घेऊन येणारा मनुष्य जुनी गिटार कशी काढून नेतो, गायक क्रिस मार्टिन धावत येऊन वळताना पायाची कोणती बाजू टेकतो, हे सर्व त्याला पाठ होते. परंतु ‘गाणे कसे झाले?’ असे विचारताच तो घुटमळला. गाणे त्याला फारसे ऐकूच आले नव्हते. आजूबाजूचे दहाजण बेंबीच्या देठापासून तेच गाणे गात होते, आणि अकरावा तो स्वतः होता.

याचे कारण निव्वळ उत्साहात नाही, मांडणीतही आहे. अशा जलशांत मुख्य कर्णे मंचाच्या दोन्ही अंगांस केळीच्या घडासारखे वाकवून उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख दूर बसलेल्यांवर असतो. कठड्याजवळच्यांच्या डोक्यावरून तो आवाज निघून जातो, म्हणून त्यांच्यासाठी मंचाच्या कडेला लहान कर्णे निराळे मांडावे लागतात. सर्व वाद्यांचा तोल साधणारा तंत्रज्ञ मात्र आपले मेज घेऊन मंचासमोर बऱ्याच अंतरावर, गर्दीच्या मध्यावर बसतो, आणि जे त्याच्या कानाला बरे वाटते तेच सगळ्यांच्या वाट्याला येते. सबब या पंथातील खरे कानसेन कठड्याच्या वाटेस न जाता, त्या मेजाच्या पाठीमागे, हातांची घडी घालून, डोळे मिटून उभे असतात. त्यांना गायकाचे नाकडोळे दिसत नाहीत आणि त्याचे त्यांना सोयरसुतकही नसते.

सज्जातील आमची गत आणखीच निराळी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, प्रकाशाला त्या मानाने वेळच लागत नाही. त्यामुळे मंचापासून पावणेदोनशे मीटरांवर बसलेल्या मनुष्याला पडद्यावर काठी पडलेली आधी दिसते आणि तिचा ठोका अर्ध्या सेकंदाने येतो. ही तूट भरून काढण्यासाठी मोठ्या मैदानांत मधल्या अंतरावर कर्ण्यांचे खांब उभारतात, आणि त्यांतून निघणारा आवाज यंत्राने मुद्दाम थोपवून धरतात, जेणेकरून मंचाकडून चालत आलेला आवाज आणि खांबातून निघालेला आवाज एकाच क्षणी कानाशी पोहोचावेत. आवाजाला असे वाटेत थांबवून ठेवणे मला एखाद्या दप्तरातील कारकुनाच्या कामासारखे वाटले: कागद वेळेवर निघतो, पण शिक्का ठरल्या क्षणीच पडतो. टाळ्यांना मात्र असा कोणी कारकून नसतो. समोरच्या बाजूस वाजलेली टाळी आमच्यापर्यंत येईतो आमची वाजून गेलेली असे, आणि तालात वाजवलेल्या लाखभर टाळ्यांची एक लाट मैदानावरून सरकत गेलेली कानांनी स्पष्ट ओळखू येई.

प्रवेशद्वाराशी प्रत्येकाच्या मनगटावर एक पांढरा पट्टा बांधण्यात आला होता. त्यात बारीक दिवे असून त्यांचे नियंत्रण दुरून होते. दिवस मावळल्यावर पहिल्याच ठोक्याबरोबर माझे मनगट माझी अनुज्ञा न घेता लाल झाले, भाचीचे झाले, आणि समोरचा सबंध उतार झाला. ‘यलो’ या त्यांच्या २००० सालच्या गाण्याला सारे मैदान पिवळे झाले, तेव्हा भाची रडत होती. तिला मंचावरची माणसे करंगळीएवढी दिसत होती आणि त्याची तिला खंत नव्हती. ती मंचाकडे पाहतच नव्हती, ती पाहत होती गर्दीकडे. भाच्याला, ज्याच्या मनगटावर तोच दिवा होता, हे दृश्य दिसलेच नाही. कठड्याशी उभा राहणारा मनुष्य त्या चित्रातील एक ठिपका असतो, आणि ठिपक्याला चित्र कोठून दिसणार?

आम्हा बडोदेकरांस श्रोतेपणाचे असे भेद नवे नाहीत. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत गवई, वादक, नर्तकी ही मंडळी ‘कलावंत कारखाना’ नामक खात्यात मोडत, आणि त्यांची हजेरी, रजा व तनखा यांचे नियम रीतसर केलेले होते. दरबारातील श्रोता हा मालक होता. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा उघडली, जी आज सूरसागराच्या काठी विद्यापीठाची एक शाखा म्हणून नांदते. तेथला श्रोता हा विद्यार्थी. १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती याच शहरी, आणि तीत बावीस श्रुतींच्या पेटीवरून पंडित व खाँसाहेब यांच्यात असा वाद जुंपला की श्रोत्याचा पंच झाला. कमाटी बागेतील बँडस्टँडभोवती शतपावली घालणाऱ्याला यांपैकी काहीच व्हावयाचे नव्हते. फैयाझखाँसाहेब १९५० साली बडोद्यातच वारले. त्यांची मैफल ऐकलेली माणसे माझ्या लहानपणी दांडियाबाजारात पुष्कळ होती, आणि त्या मंडळींच्या बोलण्यात ‘खाँसाहेबांनी माझ्याकडे पाहिले’ हे वाक्य हटकून येई. बैठकीचे मर्म तेथे आहे. गवई दोन हातांवर असतो, श्रोत्याची मान हलली की त्याला उमगते, आणि दाद मिळालेली जागा तो पुन्हा वेगळ्या वाटेने घेतो. मैफल उभयपक्षी घडते.

मोटेऱ्यास तसे घडणे शक्य नव्हते, कारण गाण्यांचा क्रम कागदावर ठरलेला असतो आणि दिवे, पडदे व फटाके त्या क्रमाशी जखडलेले असतात. येथे आमच्या मराठी प्रेक्षकाच्या एका जुन्या हक्काची आठवण होते. बडोद्याच्या राजाश्रयाचा लाभ झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्समोअर’ पडे. पदामागून पद पुन्हा म्हटले जाई, नाटक पहाटेपर्यंत लांबे, आणि कथानकातील नायिका मरणाच्या दारात असली तरी प्रेक्षकांच्या आग्रहाखातर तिला थांबावे लागे. रॉकच्या जलशातही अखेरीस वाद्यवृंद आत जातो, लोक ओरडतात, वाद्यवृंद पुन्हा बाहेर येतो. पण हा वन्समोअर क्रमपत्रिकेत अगोदरच लिहिलेला असतो. भाच्यास हे ठाऊक होते. तरीही तो ओरडला, आणि मीही ओरडलो, हे कबूल करतो.

मग या गर्दीला बैठक म्हणता येत नसेल तर काय म्हणावे? मला त्याचे उत्तर सज्जात नव्हे, घरी परतल्यावर सुचले. नवरात्रात बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर हजारो माणसे गरबा करतात; युनायटेड वेच्या गरब्यात अतुल पुरोहित गातात आणि त्यांच्या आवाजावर रिंगणामागून रिंगणे फिरत राहतात. चित्रपटगीते नाहीत, दांडिया नाहीत, दोन टाळ्यांचा वा तीन टाळ्यांचा ठेका तासन्‌तास चालतो. गायक जिवंत आहे, वाद्ये जिवंत आहेत, पण गरबा करणाऱ्यांपैकी गायकाकडे पाहतो कोण? प्रत्येकाचे तोंड पुढच्या माणसाच्या पाठीकडे. गायकाचा आवाज ही त्यांची हवा आहे. तिच्यात श्वास घ्यायचा, तिच्याकडे पाहावयाचे नसते. माझ्या भाचीने, जिचे बालपण या मैदानांवर गेले, मोटेऱ्यास जाऊन नेमके हेच केले.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात, काळ्या सदऱ्याखेरीज दुसरा सदरा न घालणारे, ज्यांच्या लेखी कोल्डप्ले हे रॉक नसून अंगाईगीत आहे. २००७ सालच्या मार्च महिन्यात आयर्न मेडन हा इंग्रज वाद्यवृंद हिंदुस्थानात प्रथमच, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर, वाजला, तेव्हा हे तेथे होते. कर्कश, द्रुत आणि खर्जात गडगडणाऱ्या या संगीताचा उपासक बैठकही जाणत नाही आणि दिवेही. गर्दीच्या मध्यात जागा मोकळी होते, आणि तीत शिरलेले लोक एकमेकांस खांद्यांनी धडका देऊ लागतात. बाहेरून पाहणारास ती मारामारी वाटेल. परंतु ‘कोणी पडला तर चार हातांनी उचलायचा, चष्मा सापडला तर वर धरायचा,’ हे त्या रणांगणाचे अलिखित कायदे या गृहस्थांनी मला सांगितले, आणि ते पाळलेही जातात. कधी कधी तेथे धडकांऐवजी सारे एका वर्तुळात धावू लागतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पदार्थवैज्ञानिकांनी अशा गर्दीच्या चित्रफिती अभ्यासून २०१३ साली निबंध प्रसिद्ध केला: धडका देणारे लोक एखाद्या वायूतील कणांसारखे वागतात, आणि वर्तुळात धावणारे भोवऱ्यासारखे, ही वर्तुळे बहुतांशी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हे वाचून मी त्या गृहस्थांस म्हटले, ‘अहो, तुमचा तो राक्षसी प्रकार म्हणजे आमचा गरबाच की!’ त्यांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

कानांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यांची फिकीर या पंथात कोणी करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा स्थळांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी शंभर डेसिबलांवर जाऊ नये, असा दंडक घालून दिला आहे; शिवाय कानात घालावयाच्या बोंड्या मिळतात, ज्यांनी आवाज बिघडत नाही, केवळ कमी होतो. मी मात्र घरून कापूस नेला होता. कापसाने झांजेची किणकिण तेवढी मंदावली. खर्ज जशाचा तसा येत राहिला, कारण सेकंदाला ४०-५० कंपनांच्या त्या खर्जाची लाट सात-आठ मीटर लांबीची असते आणि ती कानातूनच नव्हे, छातीतूनही जाणवते. माझ्या सदऱ्याची बटणे त्या लाटेने थरथरत होती. अशा ठिकाणी कापूस हे औषध नसून समाधान आहे.

दुसऱ्या रात्रीचा कार्यक्रम माझ्या मेव्हण्यांनी दिवाणखान्यात, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, चहा पीत पाहिला. तो थेट प्रक्षेपित झाला होता. त्यांना सर्व वाद्ये तोलून ऐकू आली, गायकाच्या पापण्या दिसल्या, गर्दीचा विस्तार दिसला, आणि प्रेक्षकांत बसलेला क्रिकेटपटू जसप्रीत बुमराह दिसला, ज्याचे त्यांना सर्वाधिक अप्रूप. भाच्याला त्यांनी जे जे विचारले त्यातील निम्म्याचे उत्तर त्याला देता येईना. ‘मग तू तिथे जाऊन पाहिलेस काय?’ असे त्यांनी सरळ विचारले. भाच्याने उत्तर न देता घोगऱ्या आवाजात खाकरून दाखवले. त्याचा गळा पुढचे चार दिवस बसलेलाच होता, आणि माझ्या मते तेच त्याचे उत्तर होते.

परतीच्या वाटेवर, दाराशी, मनगटावरचे पट्टे गोळा करण्यासाठी मोठाल्या पेट्या ठेवल्या होत्या; पट्टे परत घेऊन पुढच्या गावी पुन्हा वापरतात. भाचीने आपला काढून टाकला, भाच्याने नाखुशीने टाकला. गर्दीच्या रेट्यात माझे हात कोटाच्या खिशातच राहिले. सकाळी रावपुऱ्यात, दूध आणावयास निघताना, मनगटावर काहीतरी टोचले म्हणून बाही सारून पाहिले. भाची दारातच उभी होती.

‘मामा,’ ती म्हणाली, ‘तो परत द्यायचा होता.’