टोकियोतली चूल कुणासाठी पेटते?

टोकियोत भारतीय हॉटेल शोधावं लागत नाही. जवळपास कुठल्याही स्टेशनाबाहेर पाच मिनिटं चाललं की एखाद्या अरुंद जिन्याच्या तोंडाशी तिरंगा दिसतो. शेजारी बहुधा नेपाळचा दोन त्रिकोणांचा झेंडा असतो आणि खाली ताटाबाहेर लोंबणाऱ्या नानचा मोठा फोटो. शोधावं लागतं ते चांगलं भारतीय हॉटेल. त्यासाठी लोकांनी दिलेले तारे मोजण्यापेक्षा, ही चूल मुळात कुणासाठी पेटवली होती हे विचारलं तर फसगत कमी होते, असं माझं ठाम मत आहे. उत्तर शोधताना या शहराचा जो इतिहास उलगडत जातो, त्यानं मी अजूनही थक्क होतो.

त्या नानपासूनच सुरुवात करू. दुपारच्या गर्दीत काउंटरजवळची जागा मिळाली तर आचाऱ्याचे हात जरूर बघावेत. मैद्याचा उंडा या तळव्यावरून त्या तळव्यावर थापत तो पसरतो, कापडी उशीवर ताणून घेतो आणि वाकून तंदूरच्या आतल्या भिंतीवर फाडकन चिकटवतो. भिंत जवळपास उभी असल्यामुळे मऊ पीठ चिकटलेल्या जागेपासून स्वतःच्या वजनानं खाली ओघळतं आणि नानला थेंबाचा आकार येतो. मातीकडची बाजू कडक होते, निखाऱ्यांकडची फुगते. मिनिट-दोन मिनिटांत सळईनं काढलेला नान ताटात मावत नाही. इथल्या पिठात साखर जरा सढळ हातानं पडते, कारण जपानी जिभेला गोडसर, मऊ आणि किंचित चिवट पाव आवडतो. आपल्या घरी पोळी-भाकरी होते, नान कुणाच्याच घरी होत नाही. तरीही जपानमध्ये भारतीय जेवण म्हणजे नान हे समीकरण पक्कं झालं आहे. दुपारच्या हजारेक येनच्या जेवणात तो हवा तितका पुन्हा मागता येतो. हा नान जपानी गिऱ्हाइकासाठी घडवलेला आहे आणि त्या कामात तो उत्तम आहे. आपल्या घरच्या चवीशी त्याची तुलना करणं अन्यायाचं होईल.

पण मग दुसरा झेंडा कशासाठी? कारण आत रांधणारा माणूस बहुतेक वेळा नेपाळी असतो. पश्चिम नेपाळच्या बागलुंग जिल्ह्यातून, विशेषतः गल्कोट भागातून, पिढ्यानपिढ्या तरुण दिल्ली-मुंबईच्या हॉटेलांत कामाला आले आणि पंजाबी-मोगलाई पदार्थ शिकले. परदेशी पदार्थांचा आचारी म्हणून जपानचा व्हिसा हवा तर साधारण दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो त्यांच्यापाशी होता. जपानमध्ये काही वर्षं नोकरी करून, पै पै साठवून ते स्वतःचं दुकान काढत. व्यवसायाच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल बरीच वर्षं ५० लाख येन होतं. दुकान चाललं की गावाकडचा भाऊ, मेव्हणा, शेजारी आचारी म्हणून यायचा आणि पुढे तोही वेगळं दुकान थाटायचा. ज्यानं जन्माची पुंजी लावली तो नवा पदार्थ करून बघायचा धोका कशाला पत्करेल? म्हणून बटर चिकन, चीज नान, केशरी ड्रेसिंगचं सॅलड आणि तिखटपणाची एक ते पाच अशी पायरी, हा मेन्यू गावोगाव तोच भेटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भांडवलाची ती अट ३ कोटी येन झाली. गल्कोटच्या एखाद्या मुलाला ही वाट आता फार चढाची आहे. अशा हॉटेलात गेलात तर मेन्यू मिटून, दाल-भात मिळेल का, एवढंच विचारा. पातळ डाळ, हिरवी भाजी, मुळ्याचं लोणचं असं ताट येईल. ते त्यांचं स्वतःचं जेवण असतं, त्यामुळे हात आखडता घेतलेला नसतो.

या शहरातली सर्वांत जुनी भारतीय चव मात्र एका क्रांतिकारकानं आणली. १९१२ साली दिल्लीत लॉर्ड हार्डिंगवर बॉम्ब फेकला गेला. त्या कटाचे सूत्रधार रासबिहारी बोस इंग्रजांना गुंगारा देत १९१५ मध्ये जपानला पोचले. जपान सरकारनं त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा शिंजुकूतल्या ‘नाकामुराया’ या बेकरीच्या मालकांनी, आइझो आणि कोक्को सोमा या दांपत्यानं, दुकानामागच्या चित्रशाळेत त्यांना लपवलं. पुढे १९१८ मध्ये सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी बोस यांचं लग्न झालं. ती १९२५ मध्ये गेली. दोन वर्षांनी, १९२७ साली, नाकामुरायानं खाद्यगृह उघडलं आणि जावयाच्या आग्रहानं तिथे खऱ्या भारतीय पद्धतीची करी सुरू झाली.

‘खऱ्या’ या शब्दावर बोस यांचा कटाक्ष होता, कारण जपानला करी आधीच ठाऊक होती. ती इंग्रजांकडून आलेली, मैदा लावून दाट केलेली. ज्या साम्राज्याशी हा माणूस आयुष्यभर लढला, त्याच साम्राज्यानं त्याच्या देशाच्या जेवणाची ओळख जगाला करून दिली होती. नाकामुरायाच्या रश्शात हाडासकट कोंबडी होती आणि दाटपणा मैद्याचा नव्हता. बाहेर करीभात १०-१२ सेनला मिळत असताना हिची किंमत होती ८० सेन, तरी लोक येत राहिले. १९४३ मध्ये सिंगापूरला ज्यांनी चळवळीची सूत्रं नेताजींच्या हाती दिली, ते हेच बोस. शिंजुकूतल्या नाकामुरायाच्या इमारतीत ती करी आजही मिळते. चव सौम्य झाली आहे, पण एका निर्वासितानं आपल्या देशाची बाजू ताटातून मांडली होती हे मनात ठेवून पहिला घास घेतला की अंगावर काटा येतो.

बोस यांचे सहकारी ए. एम. नायर तिरुवनंतपुरमचे, क्योतोला इंजिनिअरिंग शिकलेले. त्यांनी १९४९ मध्ये गिन्झात, काबुकीच्या थिएटरजवळ, ‘नायर्स रेस्टॉरंट’ काढलं. तिथला मुरगी लंच मागवला की पिवळा भात, बटाटा, कोबी आणि कोंबडीची तंगडी समोर येते. वाढपी तुमच्यासमोर चमच्यानं मांस हाडावेगळं करतो आणि सगळं नीट कालवून खा, असं बजावतो. जपानी जेवणात प्रत्येक पदार्थ आपापल्या वाटीत वेगळा राहतो. तिथे कालवून खायला शिकवणं केवढं मोठं काम!

आता भारतीयांसाठी पेटलेल्या चुली. २००० सालच्या संगणकी संकटाच्या धास्तीनं जपाननं भारतीय इंजिनिअर बोलावले. ते निशी-कासाई भागात स्थिरावले, कारण तोझाई लाइननं ओतेमाचीची ऑफिसं सरळ गाठता येत आणि तिथल्या सरकारी वसाहतींत जपानी जामीनदार न मागता घर मिळे. पुढे पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा भागातून नगरसेवक झाले. निशी-कासाईत शनिवारी दुपारी लहान मुलांसह जेवणारी कुटुंबं ज्या हॉटेलात दिसतील, तिथे डोळे मिटून शिरावं. आईबाप रोजचं जेवण जिथे जेवू घालतात तिथे मीठ-तिखट बिघडलं तर गिऱ्हाईक लगेच तुटतं. शाकाहारी माणसानं ओकाचिमाची गाठावं. जपानी स्वयंपाकात माशाचं पाणी भाज्यांतही शिरतं. पण ओकाचिमाचीत रत्नांचा घाऊक बाजार आहे, तिथे भारतीय व्यापारी आले आणि त्यांच्यापाठी शुद्ध शाकाहारी दाक्षिणात्य हॉटेलं आली.

इथपर्यंत माझा ठोकताळा चोख चालतो. पण टोकियोत अशीही हॉटेलं आहेत जिथे आचारी जपानी, वाढपी जपानी, गिऱ्हाइकं जपानी आणि ताटात मात्र सांबार, रसम, पोरियल, पापड. चेन्नईत, केरळात फिरून, घरोघरी शिकून आलेली ही माणसं. आयात तांदळावर ठरलेल्या कोट्याबाहेर किलोमागे ३४१ येन जकात बसते, घरचा तांदूळ तर जपानचा अभिमान. तरीही ती बासमतीच शिजवतात, कारण जपानी चिकट भातात रसम मुरत नाही. शेजारच्या टेबलावरचा सुटाबुटातला गृहस्थ बाही दुमडून पापड भातावर चुरतो, रसम ओततो आणि बोटांनी कालवायला लागतो. अशा ठिकाणी जाताना रांगेत उभं राहायची तयारी ठेवून साडेअकराच्या आत पोचावं. रसम संपलं की ते दार बंद करतात.