कॅशलेसचे घड्याळ आणि बिलाचा कागद

डॉक्टर सकाळी डिस्चार्ज लिहून जातात, पण विमा कंपनीची मंजुरी येत नाही म्हणून रुग्ण संध्याकाळपर्यंत खाटेवरच असतो. या छळावर उपाय म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना घड्याळ लावून दिले. भरती होताना कॅशलेसचा निर्णय १ तासात, डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत. उशिरामुळे बिल फुगले, तर तो फरक कंपनीने भागधारकांच्या पैशातून सोसायचा. त्याच वर्षी जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. सुधारणा खऱ्या आहेत. फक्त त्या सगळ्या कंपनी आणि ग्राहक या दोघांपुरत्या आहेत. बिल करणारे रुग्णालय या प्राधिकरणाच्या कक्षेतच येत नाही, आणि दुखणे नेमके तिथे आहे.

खोलीभाड्याचेच पाहा. पॉलिसी ५ लाखांची, भाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. रुग्णाने ८,००० ची खोली घेतली, तर रोजचे ३,००० आपण भरू, असा घरच्यांचा हिशेब असतो. पण अनेक पॉलिसींत सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांनाही तीच आठास पाचाची कात्री लागते. या बाबींचे १,६०,००० झाले असतील तर कंपनी १ लाख देते आणि ६०,००० खिशातून जातात. औषधे आणि इम्प्लांट तेवढे वाचतात. अट पॉलिसीत छापलेली असते, हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. पण सर्जन तोच, टेबल तेच, मग खोली बदलली की फी का बदलावी? याचे उत्तर रुग्णालयाच्या दरपत्रकात आहे. कंपनी त्यावर फक्त भागाकार करते.

दर बांधले तर छोटी रुग्णालये बुडतील, असा आक्षेप येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतले पॅकेजचे दर परवडत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार जुनीच आहे. पण दर बांधणे वेगळे आणि आधी सांगणे वेगळे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनी दरफलक सक्तीचा केला खरा, पण फलकावरच्या सुट्या आकड्यांची बेरीज करून गुडघा बदलायला एकूण किती लागतील, हे कोणाला कळणार? भरतीआधी लेखी अंदाज आणि तो ओलांडला तर कारण, एवढे मागण्याने कोणाचे दिवाळे निघत नाही.

कंपन्यांनीच रुग्णालयांशी घासाघीस करावी, असेही म्हणतात. नेटवर्कमध्ये ती होतेही. पण बिले वाढतच राहिली की प्रीमियम वाढतो. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर प्राधिकरणाशी आधी सल्लामसलत करावी लागते. तिथे वाट बंद झालेली कंपनी मग दाव्यात हात आखडणारच. त्याविरुद्ध मुंबई-पुण्यात विमा लोकपाल आहे, तक्रारीला पैसे पडत नाहीत. मात्र ती कंपनीविरुद्धच करता येते. रुग्णालयाच्या बिलाचा कागद तिथेही कोणी हातात घेत नाही.