दादीची गोष्ट, काचेवरचे रंग

आमच्या वर्गात एका मुलाला बाकीची मुलं ‘काळ्या’ म्हणून चिडवत होती. ओरडलं की दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. म्हणून या वेळी मी दहाएक मिनिटांची एक फिल्म दाखवली, ‘ब्लॅक सोल’.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची ही ॲनिमेशन फिल्म २००० सालची. दिग्दर्शिका मार्टीन शार्त्राँ. २००१ साली बर्लिनच्या महोत्सवात तिला लघुपटासाठीचं ‘गोल्डन बेअर’ मिळालं.

गोष्ट साधी आहे. एक दादी नातवाला पूर्वजांची हकीकत सांगते. आफ्रिकेचं वैभव, गुलामांनी भरलेली जहाजं, मळ्यातली मजुरी, मग हक्कांची लढाई. संवाद नाहीत, सगळं सांगतात चित्रं आणि संगीत. त्या संगीतात मॉन्ट्रियलचे नामवंत जॅझ पियानोवादक ऑलिव्हर जोन्स यांचाही वाटा आहे.

चित्रं काचेवर रंगवलेली आहेत. काचेला खालून उजेड, वर कॅमेरा. चित्र काढायचं, फोटो घ्यायचा आणि तोच ओला रंग थोडा सरकवून पुढचं चित्र करायचं. आधीचं चित्र पुसलं जातं, फक्त फोटो उरतो. म्हणून जहाजाच्या लाटा बघता बघता माणसं होतात, असं काहीही या पद्धतीत घडू शकतं.

पण इतिहास सांगायला दादीच का? अमेरिकेच्या दक्षिणेत अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. ज्यांच्या हाती कागद येऊ दिला नाही, त्यांनी आपली आठवण गाण्यात आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी जपली.

फिल्म संपल्यावर मी मुलांना मलिक अंबरबद्दल सांगितलं. तो हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. खडकी शहर त्याने वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. तिथली नहर त्याची, कबर खुलताबादला. आफ्रिकेची ही गोष्ट आपल्या मातीतही आहे.

वर्ग शांत होता. मग ज्याला चिडवत होते त्यानेच विचारलं, “मॅडम, मलिक अंबर माझ्यासारखा दिसत असेल?” मी म्हटलं, “असेल बेटा.”

फिल्म मुलांसोबत बघा. नंतर टीव्ही बंद करून घरातल्या दादी-नानीला विचारा, आपले लोक कुठून आले?