जागेप्रमाणे विजेचा भाव आणि काटकसरीची दिशा

विजेचे बिल हातात पडले की आपण आकडा पाहतो, थोडे कुरकुरतो आणि भरून मोकळे होतो. त्या बिलात युनिटचा जो दर छापलेला असतो, तो एकाच वर्गाच्या ग्राहकास जामबागेत, मलकपेठेत किंवा महबूबनगरकडच्या एखाद्या आडगावी सारखाच पडतो. हे न्याय्य आहे, असे आम्ही मानतो. परंतु दर सारखा म्हणून खर्चही सारखा, असे मात्र नाही. वीज कोठे पोचवावयाची यावर तिचा खरा खर्च ठरतो, आणि विजेच्या काटकसरीच्या योजना आखताना या गोष्टीकडे व्हावे तितके लक्ष जात नाही. म्हणून त्याविषयी येथे थोडे लिहीत आहोत.

मलकपेठच्या मार्केटात कांदा उतरतो हे आपण जाणताच. तो मुसी ओलांडून चादरघाटच्या पुलावरून इकडे यावयाचा. पूल मोकळा असेल तर दोन्ही काठांच्या भावात अंतर राहील ते हमालीपुरते आणि वाटेत नासणाऱ्या मालापुरते. पण समजा, पुलावर दाटी झाली आणि दिवसाला मोजक्याच गाड्या येऊ लागल्या. मग पलीकडे ढीग पडून भाव उतरेल आणि अलीकडे तोच कांदा महाग होईल. कांदा तोच, शेतकरी तोच. भाव बदलला तो पुलामुळे. विजेचेही असेच आहे. मूळ भाव, वाटेतली गळती आणि तारांवरची दाटी या तिहींची बेरीज म्हणजे त्या जागेचा विजेचा भाव. फरक एवढाच, की कांदा आज नाही तर उद्या आणता येतो. वीज साठवणे महाग पडत असल्यामुळे ज्या घटकेला ती हवी त्याच घटकेला तारेत जागा असावी लागते.

ही गोष्ट नुसती पुस्तकी नव्हे. आपल्या शहराने ती भोगली आहे. २००८ च्या जूनमध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज हा वीजबाजार सुरू झाला. तेथे उद्याच्या विजेची बोली आज लागते. तारांत जागा असेल तर साऱ्या देशाचा भाव एक निघतो. नसेल तर देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचा भाव निराळा काढतात. त्या काळी दक्षिणेकडे वीज येण्याच्या वाटा मोजक्या होत्या. एक चंद्रपूरकडील भद्रावतीच्या केंद्रातून, एक ओडिशातील तालचेरहून कोलारला, आणि आणखी थोड्या. या वाटा भरल्या की दक्षिणेचा भाव उर्वरित देशाच्या पुष्कळदा दुपटीच्या घरात जाई. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक सोलापूरकडे आहे. गाडीने काही तासांचे ते अंतर. पण बाजारात त्याच घटकेच्या विजेला तिकडे एक भाव आणि इकडे दुसरा, असे चाले. २०१२ साली आंध्र प्रदेशातील कारखान्यांना सक्तीची ‘पॉवर हॉलिडे’ घ्यावी लागली, तेव्हा देशात वीज मुळीच नव्हती असे नाही. इकडे आणण्यास पूल अपुरा होता. (त्याच वर्षी ३० व ३१ जुलैला उत्तर भारतात अंधार पसरला आणि दक्षिण मात्र बचावली. तुटक राहण्याचा तेवढाच काय तो लाभ.) अखेर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्यात मिसळले. पुढे आणखी वाहिन्या झाल्या, आणि हल्ली बहुतेक दिवस बाजारभाव देशभर एकच निघतो.

आता काटकसरीकडे वळू. त्या टंचाईच्या वर्षांत एक दिवा हैदराबादेत बदलला काय आणि रायपुरात बदलला काय, वाचणारी युनिटे सारखीच. परंतु वाचणारा पैसा हैदराबादेत जवळजवळ दुप्पट. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची एल. ई. डी. दिव्यांची उजाला योजना निघाली. तिच्यातून छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, आणि घाऊक खरेदीमुळे २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या आत आला. हे काम मोठे आहे. पण यशाचे माप होते दिव्यांची संख्या. दिवा कोठे लागला, हे नव्हे.

याउलट सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचा प्रयोग पाहावा. तेथे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या योजनेतून एकाच उपविभागातील २२०९ जुने शेतीपंप काढून चांगले पंप बसविण्यात आले व पंपांची कार्यक्षमता सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. ज्या शेतकऱ्याच्या पंपाला मीटर नसून आकारणी अश्वशक्तीवर होते, त्याला वीज वाचवून एक पैसाही मिळत नाही. आपल्या तेलंगणात तर शेतीला वीज फुकटच आहे. तेव्हा बिलातला दर शेतकऱ्याला काही सांगू शकत नाही. लाभ वीज कंपनीचा होतो, म्हणून खर्चही तिनेच करावा. आणि तो कोठे आधी करावा हे तिला जागेचा भाव सांगेल.

परदेशात हा विचार अधिक पुढे गेला आहे. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून आणि अमेरिकेच्या काही प्रांतांत १९९८ पासून जाळ्याच्या गाठीगाठीचा भाव काढतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन व क्वीन्स भागांत विजेची मागणी वाढून नवे उपकेंद्र बांधण्याची पाळी आली. खर्च शंभर कोटी डॉलरांहून अधिक. २०१४ साली तेथील आयोगाने कंपनीला दुसरा मार्ग मंजूर केला. सुमारे वीस कोटी डॉलर त्याच मोहल्ल्यांत दिवे, यंत्रे बदलणे इत्यादींवर घालून ५२ मेगावॉटचा भार हलका करावयाचा आणि उपकेंद्र लांबणीवर टाकावयाचे. हेच पैसे साऱ्या शहरावर सारखे शिंपडले असते तर त्या उपकेंद्राची गरज तशीच उभी राहिली असती.

गळतीचा हिशेबही मौजेचा आहे. तारेतून वाहणारा प्रवाह दुप्पट झाला की तापून वाया जाणारी वीज दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून एखाद्या तारेवर सरासरी गळती शेकडा ८ असेल, तर तिच्या टोकाशी भरगर्दीच्या तासात वाचवलेल्या युनिटमागे सुमारे १६ टक्के गळतीही वाचते. रात्री दोन वाजता, तार रिकामी असताना, वाचवलेल्या युनिटाची ही योग्यता नाही.

येथे एक शंका येईल: मग ज्या वस्तीचा खर्च जास्त, तिच्याकडून जास्त दर घ्यावा काय? आम्हांस ते पटत नाही. आपले घर कोणत्या तारेच्या टोकाला यावे हे गरिबाने ठरविलेले नसते. पुण्यात २००६ साली भारनियमन टाळण्यासाठी कारखान्यांची जनित्रे चालवून त्याचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर बसविला गेला. त्या शहराला ते झेपले. महाराष्ट्रात इतरत्र त्या वर्षांत ज्या फीडरवर गळती व थकबाकी जास्त, तेथे वीज अधिक तास बंद राही. म्हणजे जागेची किंमत लोक रुपयांत नव्हे तर अंधाराच्या तासांत भरीत होते, आणि वेळेवर बिल भरणाराही त्यातून सुटत नसे. जागेचा भाव ग्राहकाच्या बिलात न येता कंपनीच्या टेबलावर असावा आणि काटकसरीचा पैसा कोणत्या गल्लीत आधी जावा हे त्यावरून ठरावे, एवढेच आमचे म्हणणे.

एके काळी या शहराची वीज हुसेन सागराच्या काठच्या वीजघरात तयार होई. आज ती दुरून येते आणि देशाचा मोठा पूल रुंद झाला आहे. दाटी आता आपल्या दाराशी आली. जामबाग-कोठीकडे जुनी घरे पाडून मजले चढतात, खोल्याखोल्यांत एसी बसतात, आणि मे महिन्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर धापा टाकतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नव्या बी. एल. डी. सी. पद्धतीचा तीस-पस्तीस. वीस पंख्यांच्या सभागृहात ही बचत ८०० वॉटच्या आसपास होते, आणि तीही नेमकी भार असतानाच. आपल्या फीडरवर कोणत्या तासांत भार शिगेला जातो हे वीज कंपनीच्या कचेरीत लेखी विचारता येते. ट्रस्टच्या कोणत्या वास्तूचे पंखे आधी बदलावे, हे त्या उत्तरावरून ठरविणे सोपे जाईल.