हृदयाच्या स्नायूला सूज : ताप उतरल्यावर पुढे काय?

सर्दी-तापाच्या विषाणूने कधी कधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. डॉक्टर त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. बहुतेक रोगी बरे होतात. पण काहींच्या स्नायूत व्रण राहतो, हृदय फुगते नि पंप ढिला पडतो. निरोगी हृदय दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले साधारण ५५ ते ७० टक्के रक्त पुढे ढकलते. हा आकडा इकोत कळतो. बरे वाटले म्हणून पुढचे इको चुकवू नयेत. हुमणी लागलेला ऊसही आधी हिरवाच दिसतो! तोडणीची कितीही घाई असो, डॉक्टर मोकळीक देईपर्यंत, बहुधा ३ ते ६ महिने, मोळी उचलायची नाही. सूज असताना जोर केला तर ठोका बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो. तोडणी मजुरांनाही हे सांगा. दम लागला, पाय सुजले, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.